मदत संस्थेत रुजू होताना: मुलांच्या संरक्षणाचे नियम, पायरी पायरीने

मदत संस्थेत नोकरी लागली किंवा स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं की पहिल्याच दिवशी कागदांचा गठ्ठा हातात येतो. करारपत्र, विमा, ओळखपत्राचा अर्ज, आणि त्यातच कुठेतरी बालसंरक्षण धोरण आणि आचारसंहिता. बहुतेक जण शेवटच्या पानावर सही करून गठ्ठा परत देतात. आपण चांगल्या मनाने आलोय, मुलांना त्रास द्यायचा विचारही कधी मनाला शिवलेला नाही, तेव्हा हे नियम दुसऱ्या कोणासाठी तरी असणार, असं त्यांना वाटतं.

हे नियम तुमच्यासाठीच आहेत. पूर, भूकंप, युद्ध किंवा विस्थापनात सापडलेल्या मुलासमोर संस्थेचं जॅकेट घालून तुम्ही उभे राहता, तेव्हा शिधा, औषधं, शाळेतला प्रवेश, यादीतलं नाव हे सगळं तुमच्या हातात आहे असं त्या मुलाला दिसतं. तुम्हाला ही सत्ता जाणवतही नसेल, पण मुलाला ती स्पष्ट जाणवते. अशा माणसाला नकार देणं मुलाला जमत नाही आणि त्याच्याविरुद्ध तोंड उघडणं तर त्याहून अवघड. म्हणून या क्षेत्रात कोणाच्या चांगुलपणावर विसंबून राहत नाहीत. वाईट हेतूच्या माणसाला संधी मिळू नये आणि चांगल्या हेतूच्या माणसाला वेळ आल्यावर काय करायचं ते ठाऊक असावं, एवढ्यासाठी व्यवस्था उभी करतात. ती व्यवस्था नवख्या माणसाने कशी समजून घ्यावी आणि कशी पाळावी, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी थोडा इतिहास

२००१ च्या अखेरीस गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकेतल्या तीन देशांत संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आणि सेव्ह द चिल्ड्रनची ब्रिटिश शाखा यांच्या पथकाने निर्वासित मुलांशी आणि मोठ्यांशी बोलून माहिती गोळा केली. २००२ च्या सुरुवातीला ती जगापुढे आली. धान्य, तेल, ताडपत्री अशा मदतीच्याच वस्तूंच्या बदल्यात मुलींचं लैंगिक शोषण होत असल्याचं लोकांनी सांगितलं होतं, आणि ज्यांच्यावर बोट ठेवलं गेलं त्यांत मदत संस्थांचे कर्मचारी होते. जी वस्तू मुलीच्या कुटुंबाला हक्काने मिळायला हवी होती, तीच तिच्याविरुद्ध वापरली गेली.

त्याच वर्षी मदत संस्थांच्या समन्वयासाठी असलेल्या इंटर-एजन्सी स्टँडिंग कमिटीने लैंगिक शोषण रोखण्यासाठी सहा मूलभूत तत्त्वं ठरवली आणि ९ ऑक्टोबर २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तसंच बंधनकारक परिपत्रक काढलं. आज तुम्ही ज्या आचारसंहितेवर सही करता, तिच्यातली बरीचशी वाक्यं थेट तिथून आलेली असतात.

प्रश्न तिथे संपला नाही. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत काम करणाऱ्या ऑक्सफॅम या ब्रिटिश मदत संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांचं लैंगिक गैरवर्तन २०१८ मध्ये वृत्तपत्रांतून उघड झालं. संस्थेने २०११ मध्येच अंतर्गत चौकशी केली होती, तरी तिचा हैतीतल्या कामाचा प्रमुख पुढे दुसऱ्या मदत संस्थेत रुजू होऊ शकला होता. एका ठिकाणाहून बाहेर पडलेला माणूस कोरी पाटी घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोचतो, ही फट त्यातून सगळ्यांना दिसली. तुमच्या भरतीच्या वेळी इतके प्रश्न का विचारतात, याचं उत्तर याच फटीत आहे.

पहिली पायरी: रुजू होण्याआधी चौकशी, दोन्ही बाजूंनी

जबाबदार संस्था तुमच्याकडून पोलीस पडताळणीचा दाखला मागेल, आधीच्या ठिकाणच्या किमान दोन माणसांशी बोलेल आणि मुलाखतीत मुलांबद्दल थेट प्रश्न विचारेल. उदाहरणार्थ, ‘एखादा सहकारी एका मुलाला वारंवार एकटा भेटतोय असं दिसलं, तर काय कराल?’ २०१९ पासून अनेक आंतरराष्ट्रीय संस्था गैरवर्तनाची माहिती एकमेकांना देण्याच्या एका योजनेत सहभागी झाल्या आहेत. तिच्यानुसार उमेदवाराच्या मागच्या पाच वर्षांतल्या मालकांना लैंगिक गैरवर्तनाविषयी लेखी विचारलं जातं. या चौकशीचा राग मानू नका. पोलिसांच्या दाखल्यात फक्त पकडल्या गेलेल्यांची नोंद असते आणि मुलांवरच्या अत्याचाराची बहुतेक प्रकरणं पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. दाखला स्वच्छ असला तरी बाकीची चौकशी लागतेच.

तुम्हीही संस्थेला प्रश्न विचारा. बालसंरक्षणाची जबाबदारी कोणावर आहे, त्या व्यक्तीचं नाव काय? धोरण लेखी आहे का, आणि ते कामाच्या भागातल्या लोकांच्या भाषेत मिळतं का? मुलांना तक्रार करायची असेल तर ती कशी करतात? ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ’ हे जाळं २००१ पासून याच विषयात काम करतं आणि त्याची मानकं चार गोष्टींवर उभी आहेत: धोरण, माणसं, कार्यपद्धती आणि उत्तरदायित्व. तुमचे प्रश्न या चार खुंट्यांना धरून असू द्या. समोरचा माणूस गोंधळला किंवा विषय टाळू लागला, तर तेही एक उत्तरच समजा.

एक इशारा इथेच देतो. कसलीही चौकशी न करता, पैसे भरून घेऊन, आल्या दिवशी मुलांच्या खोलीत सोडणाऱ्या ‘स्वयंसेवी सहली’ असतात, विशेषतः अनाथालयांच्या. तिकडे जाऊ नका. अनाथालय म्हणवणाऱ्या कित्येक ठिकाणच्या मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक, हयात असतात. पाहुण्यांच्या पैशासाठी मुलं घरातून आणली जातात, आणि दर दोन आठवड्यांनी नवा माणूस जीव लावून निघून जातो तेव्हा मुलाच्या मनावर त्याचे घाव राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ च्या बालहक्कांवरील ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेचे धोके नोंदवले आहेत. जी संस्था तुम्हाला विनाचौकशी आत घेते, ती कोणालाही आत घेत असणार.

दुसरी पायरी: मूल म्हणजे कोण, हे पक्कं करा

अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या पहिल्या कलमात ही वयोमर्यादा आहे, आणि अमेरिका सोडून संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांनी ती संहिता मान्य केली आहे. मदत कार्यात हा नियम आणखी कडक होतो. तुम्ही जिथे काम करता तिथल्या कायद्याने संमतीचं वय सोळा असो की पंधरा, अठरा वर्षांखालच्या कोणाशीही लैंगिक संबंध तुम्हाला वर्ज्य आहेत. ‘तिने एकोणीस सांगितलं होतं’ हा बचाव चालत नाही, असं २००३ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे. मुलीची संमती होती, तिच्या घरच्यांची परवानगी होती, तिथे अशी लग्नं होतातच, यांपैकी काहीही पुढे करता येत नाही. सतरा वर्षांची मिसरूड फुटलेली मुलं आणि मूल कडेवर घेतलेल्या मुलीही यात येतात. नवखे कार्यकर्ते सगळ्यात जास्त इथेच विसरतात, कारण लहान मूल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर सहा-सात वर्षांचं पोर येतं.

इजेचे प्रकार साधारण असे सांगतात: शारीरिक मारहाण, मानसिक छळ, लैंगिक अत्याचार, हेळसांड आणि शोषण. शोषणात मुलांना कामाला जुंपणंही आलं. तुमच्या निवासस्थानी भांडी घासायला बारा वर्षांची मुलगी ठेवणं आचारसंहितेच्या विरुद्ध आहे, मग आजूबाजूची घरं काहीही करोत.

आणखी एक इजा असते जिचं नाव कुणी पटकन घेत नाही. ती योजनेतूनच होते. शौचालयाच्या वाटेवर दिवा नाही. पाण्याचा नळ वस्तीपासून लांब आणि पाण्याची वेळ अंधार पडल्यावरची. वाटपाची रांग अशी की मोठी माणसं मुलांना ढकलून पुढे जातात. एकट्या मुलांची यादी भिंतीवर चिकटवलेली, म्हणजे कोणाला कोणी वाली नाही ते वाचणाऱ्या प्रत्येकाला कळावं. यात कोणाचाच हेतू वाईट नसतो, तरी मूल धोक्यात जातं. रोज जागेवर असणाऱ्या स्वयंसेवकाला अशा गोष्टी कार्यालयात बसलेल्यांच्या आधी दिसतात. दिसल्या की सांगा, तोही बालसंरक्षणाचाच भाग आहे.

तिसरी पायरी: आचारसंहिता रोजच्या कामात उतरवा

कागदावरची वाक्यं मोठी असतात, रोजचे प्रसंग बारीक. मुख्य सूत्र एकच आहे: मुलाबरोबरचा तुमचा वेळ इतरांच्या नजरेसमोर असावा. बंद दाराआड, एकट्याने मुलाबरोबर राहू नका. एकांतात बोलणं गरजेचंच असेल, तर दार उघडं असू द्या किंवा अशा जागी बसा जिथे दुसऱ्या मोठ्या माणसाला तुम्ही दिसाल पण त्याला तुमचं बोलणं ऐकू जाणार नाही. गाडीत एकट्या मुलाला घेऊन जाऊ नका. आजारी मुलाला तातडीने दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि दुसरं कोणी नसेल, तर जरूर न्या, पण निघताना फोन करून कळवा आणि परत आल्यावर लिहून ठेवा. नियम पाळायचा म्हणून मूल तडफडत ठेवणं कोणालाच अभिप्रेत नाही. नियमापलीकडे जावं लागलं तर ते उघडपणे करायचं, इतकंच.

स्पर्शाबद्दल नवे लोक फार घाबरतात. रडणाऱ्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवायलाही कचरतात. तसं होऊ नये. स्पर्श मुलाला हवा असेल, त्याच्या गरजेपुरता असेल आणि चारचौघांत असेल, तर त्यात गैर काही नाही. मूल अंग चोरतंय असं दिसलं की हात मागे घ्या. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, शौचाला नेणं या गोष्टी, मूल स्वतः करू शकत असेल तर, तुम्ही करू नका. अपंगत्वामुळे मुलाला मदत लागत असेल, तर ती कोणी आणि कशी द्यायची हे आधी ठरलेलं आणि लिहिलेलं असावं. अपंग मुलांना अत्याचाराचा धोका इतर मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि रोज वेगवेगळ्या हातांची सवय झालेल्या मुलाला चुकीचा हात ओळखणं अवघड जातं.

भेटवस्तू, पैसे, खाऊ एकाच मुलाला देऊ नका. स्वतःचा फोन नंबर मुलांना देऊ नका, समाजमाध्यमांवर त्यांच्याशी मैत्री जोडू नका. मुलं तुमच्या खोलीवर येणार नाहीत आणि तुम्ही त्यांच्याकडे मुक्काम करणार नाही. मारायचं नाही, कान धरायचा नाही, चारचौघांत लाजवायचं नाही. आवडतं मूल असणं साहजिक आहे, पण ते कोणाला कळता कामा नये, त्या मुलालाही नाही.

एक चॉकलेट दिलं तर काय बिघडलं, असा प्रश्न हमखास येतो, आणि तो प्रामाणिक असतो. त्याचं उत्तर समजून घ्या, कारण सगळे बारीक नियम त्यावरच उभे आहेत. मुलांवर अत्याचार करणारा माणूस बहुतेक वेळा अचानक झडप घालत नाही. तो आधी विश्वास कमावतो. एखादं एकटं मूल हेरतो, त्याला इतरांपेक्षा थोडं जास्त देतो, घरच्यांना उपयोगी पडतो, मग ‘हे आपल्या दोघांतच ठेवू’ असं एखादं निरुपद्रवी गुपित तयार करतो आणि सीमा एकेका बोटाने सरकवत नेतो. याला ग्रूमिंग म्हणतात. तो आजूबाजूच्या मोठ्या माणसांनाही असाच तयार करतो. सगळ्यांचा लाडका, मुलांसाठी जीव टाकणारा अशी त्याची ख्याती असते, त्यामुळे शंका आली तरी कोणी बोलत नाही. आता विचार करा, संस्थेतले सगळेच आवडत्या मुलांना चॉकलेट देत असतील, तर त्या गर्दीत हा माणूस वेगळा कसा दिसणार? सगळ्यांनी साधे नियम पाळले की नियम मोडणारा लगेच नजरेत येतो. तुमचं न दिलेलं चॉकलेट कुठल्यातरी मुलाला असं वाचवतं.

हे नियम सुट्टीच्या दिवशी, जॅकेट काढल्यावर आणि समाजमाध्यमांवरही लागू असतात. चालक, पहारेकरी, दुभाषे, कंत्राटदार, मानधनावरचे स्थानिक स्वयंसेवक, पाहणीला आलेले देणगीदार आणि पत्रकार, सगळ्यांना लागू असतात. देणगीदाराला घेऊन फिरण्याचं काम नवख्यांकडे पडतं. पाहुणे मोठे असले तरी त्यांना मुलांबरोबर एकटं सोडायचं नाही आणि एखाद्या मुलाला त्याच्या दुःखाची गोष्ट त्यांच्यापुढे सांगायला लावायची नाही.

चौथी पायरी: फोटो काढण्याआधी

फोटोसाठी मुलाची आणि पालकाची, दोघांची परवानगी लागते, आणि फोटो कुठे वापरणार ते त्यांना कळेल असं सांगावं लागतं. ज्याच्या हातात शिधा आहे त्याने विचारलं की ‘हो’च येतं, हे लक्षात ठेवा. म्हणून ‘नाही म्हणालात तरी मदत थांबणार नाही’ हे वाक्य आधी बोला. उघडी, रडणारी, जखमी मुलं दाखवू नका. नाव, गाव, शाळेचं नाव आणि चेहरा एकत्र कधीही देऊ नका. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेची माहितीही साठते, ती सुविधा कामाच्या ठिकाणी बंद ठेवा. अत्याचार झालेल्या, सशस्त्र गटांतून सुटलेल्या किंवा एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांची ओळख पटेल असं काहीच बाहेर जाता कामा नये. आणि स्वतःच्या खात्यावर मुलांबरोबरचे फोटो टाकायचे नाहीत, कितीही गोड आले असले तरी.

पाचवी पायरी: मूल काही सांगू लागलं तर

या प्रसंगाची तयारी आधीच करून ठेवा, कारण तो सांगून येत नाही. मूल बहुतेक वेळा थेट बोलत नाही. खेळता खेळता अर्धं वाक्य टाकतं, मैत्रिणीची गोष्ट म्हणून सांगतं, किंवा तुमची परीक्षा बघायला आधी एखादी किरकोळ गोष्ट सांगून पाहतं. तुमचा चेहरा कसा होतो त्यावर ते पुढे बोलायचं की नाही हे ठरवतं.

हातातलं काम बाजूला ठेवा. मुलाच्या उंचीला येऊन बसा. शांत राहा, धक्का बसला तरी चेहऱ्यावर येऊ देऊ नका, कारण तो धक्का आपल्यामुळे बसला असं मूल समजतं. ऐका, आणि मध्ये गप्प बसायची वेळ आली तर गप्प बसा. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’, ‘यात तुझा काही दोष नाही’, ‘मी ऐकतोय’ एवढी वाक्यं पुरतात.

‘हे कोणाला सांगू नका हं’ असं मूल म्हणेल. हो म्हणू नका. हा क्षण फार कठीण असतो, पण वचन देऊन ते मोडलंत तर त्या मुलाचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जाईल. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे एका माणसाला सांगावं लागेल. कोणाला सांगणार आणि का, ते मी तुला आधी सांगेन’ असं म्हणा आणि खरोखर सांगा.

प्रश्न कमीत कमी विचारा. मूल आत्ता सुरक्षित आहे का आणि त्याला उपचार लागणार आहेत का, एवढं कळलं की थांबा. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न टाळा. ‘तू ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न मुलीला आरोपासारखा लागतो. ‘त्याने तुला इथे हात लावला का?’ असं उत्तर सुचवणारा प्रश्नही नको. पुढे तपास झाला तर अशा प्रश्नांमुळे मुलाच्या जबाबावरच शंका घेतली जाते. खोलात जाऊन विचारण्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसं असतात, ते काम त्यांचं. तेच तेच सांगायला लावणं ही मुलासाठी नवी इजाच असते. तुम्हाला सांगून झाल्यावर त्याला तुमच्या वरिष्ठांपुढे उभं करून पुन्हा बोलायला लावू नका.

भाषा येत नसेल तर दुभाषा नीट निवडा. शेजारी, नातेवाईक किंवा दुसरं मूल यांना दुभाषा करायचं नाही. अत्याचार करणारा त्याच घरातला असू शकतो.

नंतर लगेच लिहून काढा: तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे. मुलाने शरीराच्या भागासाठी घरगुती शब्द वापरला असेल तर तोच लिहा, त्याचा सभ्य पर्याय शोधू नका. तुमचा अंदाज वेगळ्या ओळीत, अंदाज म्हणूनच लिहा.

लैंगिक अत्याचार नुकताच झाला असेल, तर वेळेला फार किंमत आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि तेवढ्यातही जितकी लवकर तितकी चांगली. गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्या १२० तासांपर्यंत उपयोगी पडतात. म्हणून ‘सोमवारी साहेब आले की बघू’ हे उत्तर चालत नाही. उपचार करणारं केंद्र कुठे आहे, ते रात्री उघडं असतं का, हे पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा.

मूल बोललंच नाही, नुसती लक्षणं दिसली तरीही हाच मार्ग. अचानक गप्प होणं, ठरावीक माणसाला टाळणं, वयाला न शोभणारं लैंगिक ज्ञान, कारण सांगता न येणाऱ्या जखमा, हातात आलेल्या महागड्या वस्तू. संकटातून गेलेल्या मुलांत यातली काही लक्षणं इतर कारणांनीही दिसतात, म्हणून एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नका. मात्र शंका आली की कळवा.

सहावी पायरी: कळवा, त्याच दिवशी

नवख्या माणसाची इथे सगळ्यात जास्त घालमेल होते. खोटं निघालं तर? एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त झालं तर? आधी थोडी खात्री करून घेऊ का? नका करून घेऊ. खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नाही, शंका योग्य माणसापर्यंत पोचवणं एवढंच तुमचं काम आहे. तुम्ही स्वतः चौकशी करायला गेलात तर संशयित सावध होतो, पुरावा नाहीसा होतो, मुलावर दबाव येतो आणि कधीकधी मूलच तिथून हलवलं जातं. सहकाऱ्याला बाजूला घेऊन ‘तुझ्याबद्दल असं ऐकलं, खरं आहे का?’ असं विचारणं हे त्याच्याशी प्रामाणिक वागणं वाटतं, पण मुलासाठी ते अत्यंत धोक्याचं आहे.

बालसंरक्षणासाठी नेमलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी सांगा. बऱ्याच संस्थांत २४ तासांची मुदत असते. मुलाच्या जिवाला तत्काळ धोका असेल तर त्याला सुरक्षित करणं आधी, फॉर्म नंतर. शंका त्याच अधिकाऱ्यावर किंवा तुमच्या वरिष्ठावर असेल तर त्याच्या वरच्या पायरीवर किंवा मुख्यालयाच्या तक्रार क्रमांकावर जा. तो क्रमांक रुजू होतानाच लिहून घ्या. शंका दुसऱ्या संस्थेच्या माणसाबद्दल असली तरी कळवायचीच, सहा तत्त्वांत हे बंधन स्पष्ट आहे.

पोलीस किंवा सरकारी यंत्रणेला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे का, हे देशागणिक बदलतं. तुम्ही ज्या देशात काम करता तिथला कायदा संस्थेने तुम्हाला प्रशिक्षणात सांगायला हवा. तिने सांगितला नाही, तर विचारा.

गोपनीयता म्हणजे गोष्ट दाबून टाकणं नव्हे. ज्यांना मुलाच्या मदतीसाठी माहिती असणं भाग आहे अशा मोजक्या माणसांनाच ती द्यायची, बाकी कोणालाही नाही. चहाच्या वेळी नाही, कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. नाव न घेता सांगितलं तरी छोट्या वस्तीत माणूस ओळखू येतो.

दोन घरांत समजूत घालून, पैसे देऊन किंवा लग्न लावून प्रकरण मिटवायचा आग्रह कधीकधी वस्तीतली वडीलधारी माणसं धरतात. त्यात मध्यस्थी करू नका. मुलाचं हित सगळ्यात आधी, हे बालहक्क संहितेचं तिसरं कलम आहे, आणि अशा मिटवामिटवीत मुलाला कोणी विचारलेलंही नसतं.

चांगल्या हेतूने केलेली तक्रार चौकशीत सिद्ध झाली नाही, तरी नीट चालणारी संस्था तक्रार करणाऱ्यावर कारवाई करत नाही. हे तुमच्या धोरणात लिहिलेलं आहे का ते पाहा. कळवल्यानंतर चौकशीत काय झालं ते तुम्हाला कदाचित कळणार नाही. हे बोचतं, पण मुलाच्या आणि आरोप झालेल्या माणसाच्याही हक्कासाठी ते तसंच असावं लागतं. मुलासाठी काहीच हालचाल होत नाही असं दिसलं, तर मात्र पुन्हा आणि वरच्या पातळीवर कळवा.

सातवी पायरी: मुलांनाही नियम ठाऊक असू द्या

मुलांना तुमचे नियम माहीत नसतील, तर नियम मोडला हे त्यांना कळणार कसं? संस्थेची मदत फुकट असते, तिच्या बदल्यात कोणी काहीही मागू शकत नाही, हे प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेत, चित्रांतून, खेळातून सांगा. तक्रारपेटी ठेवून जबाबदारी संपत नाही. लिहिता न येणारं मूल पेटीत काय टाकणार? कोणाशी बोलायला सोपं वाटतं, कुठे जायला भीती वाटते, हे मुलांनाच विचारा. संहितेच्या बाराव्या कलमाने त्यांना तो हक्क दिलेलाच आहे. मुलींच्या आणि मुलग्यांच्या गटांना वेगवेगळं विचारा, आणि मुलग्यांवरही अत्याचार होतात हे विसरू नका. लाजेमुळे ते फारच कमी बोलतात.

शेवटची पायरी: काम सोडताना

जाण्याचा दिवस ठरला की मुलांना आधीच सांगा, एका सकाळी नाहीसे होऊ नका. तुमच्या जागी कोण येणार त्याची ओळख करून द्या. पुन्हा येईन, पत्र पाठवेन, तुला माझ्याकडे नेईन, अशी पाळता न येणारी वचनं देऊ नका. तुमच्या नोंदवह्या संस्थेकडे सोपवा. स्वतःच्या फोनमधले आणि संगणकावरचे मुलांचे फोटो, याद्या, पत्ते काढून टाका आणि कामानिमित्त झालेल्या ग्रुपमधून बाहेर पडा. एखाद्या मुलाला किंवा त्याच्या कुटुंबाला नंतर मदत करायची इच्छा असेल, तर ती संस्थेमार्फतच करा. आणि मनात दाबून ठेवलेली एखादी शंका असेल, वरिष्ठांच्या धाकाने न बोललेली, तर ती शेवटच्या मुलाखतीत बोला आणि लेखी द्या. तुम्ही गेल्यावरही ते मूल तिथेच राहणार असतं.